चाळीस मिनिटांचा पडदा

ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अमेरिकी अकादमीच्या नियमांत लघुपटाची व्याख्या एका ओळीत उरकलेली आहे: श्रेयनामावली धरून ४० मिनिटं किंवा त्याहून कमी. झूमच्या फुकट खात्यावर भरवलेली बैठकही ४० मिनिटांनी आपोआप संपते. या दोन नियमांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण २०२० च्या उन्हाळ्यात बडोद्याच्या घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतल्या एका माडीवर त्यांची गाठ पडली आणि एका लहानशा फिल्म सोसायटीचा अडलेला कार्यक्रम मार्गी लागला.

माडीवर राहणारी बाई दिवसा एका पेढीचे हिशेब सांभाळते आणि उरलेल्या वेळात सोसायटीची चिटणीस असते. तिथं तिला सगळेच ताई म्हणतात, वडिलांच्या वयाचे सभासदसुद्धा. म्हणून इथंही ती ताईच.

त्या वर्षी सोसायटीनं लघुपट स्पर्धा जाहीर केली होती. प्रवेशिका येऊन पडल्या होत्या, परीक्षक ठरले होते, दांडिया बाजारातल्या एका शाळेचा हॉल तोंडी नक्की झाला होता. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये नागरवाड्याचं नाव करोनामुळे रोज बातम्यांत यायला लागलं आणि जुन्या शहरातल्या पोळींचे रस्ते बांबू बांधून बंद झाले. हॉलचा प्रश्नच मिटला. प्रश्न उरला तो प्रवेशिकांचा. मुलांनी फी भरली होती, फोन करत होती. ‘स्पर्धा रद्द’ असं कळवणं सोपं होतं आणि कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांचं मत तेच होतं. ताईनं हिशेबनिसाच्या पद्धतीनं कागदावर बेरीज केली. १२ मिनिटांचा एक, ९ मिनिटांचा एक, राहिलेल्या वेळात बोलणं. चाळिसात बसत होतं.

मोठ्या जगातही तेव्हा हाच खटाटोप चालू होता. लघुपटांसाठी १९५४ पासून ओळखला जाणारा जर्मनीतला ओबरहाउझनचा महोत्सव मे २०२० मध्ये संपूर्ण इंटरनेटवर भरला. मेच्या अखेरीस ‘वुई आर वन’ या नावानं जगभरच्या २१ महोत्सवांनी मिळून यूट्यूबवर १० दिवसांचा फुकट महोत्सव केला, त्यात मुंबईचा मामीही होता. गोव्याचा इफ्फी जानेवारी २०२१ मध्ये अर्धा सभागृहात, अर्धा इंटरनेटवर झाला. या महोत्सवांपाशी पैसा होता, तंत्रज्ञ होते, चोरी पकडणारे वॉटरमार्क होते. घडियाळी पोळीत एक लॅपटॉप होता आणि गच्चीवर गेलं तर बरी रेंज होती.

सोसायटीतले जुने सभासद या सगळ्याकडे जरा संशयानंच बघत होते, आणि त्यांच्या संशयाला इतिहास होता. त्यांची फिल्म सोसायटी म्हणजे १६ मिलिमीटरची. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर यांनी तिथला खजिना गावोगावच्या सोसायट्यांसाठी मोकळा केला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. प्रिंट एका गावातून दुसऱ्या गावात रेल्वे पार्सलनं फिरायची. स्टेशनवर जाऊन पत्र्याचा डबा सोडवून आणणं, रीळ तुटलं की अंधारात चिकटपट्टी लावणं, खेळ संपला की रात्रीच रीळ उलटं गुंडाळणं, ही कामं ज्यांनी केली त्यांना सिनेमा हाताला लागल्याशिवाय खरा वाटत नाही. त्यातल्या एका काकांनी ताईला सरळ विचारलं, ‘‘लिंक पाठवणार म्हणजे काय पाठवणार? वजन किती त्याचं?’’

काकांना गंमत करायची होती, पण वजनाचा प्रश्न खराच निघाला. स्पर्धेच्या कामात सिनेमा बघणं हा सगळ्यात छोटा भाग असतो हे बाहेरच्या कुणाला पटत नाही. आधी फायली येतात. कुणी अठरा जीबीची पाठवतो, कुणी व्हॉट्सॲपवरून आलेली, तिथंच दाबून चपटी झालेली. फाइलचं नाव ‘फायनल’, नंतर ‘फायनल फायनल’, मग ‘हीच घ्या’. कुणाच्या ड्राइव्हला कुलूप, किल्ली द्यायला तो विसरलेला. कुणी आडव्या पडद्यासाठी उभं चित्रण केलेलं. उपशीर्षकांची स्वतंत्र फाइल मागावी तर ती चित्राच्या तीन सेकंद पुढं धावते. इथं मराठी लघुपट गुजराती माणसं बघतात, गुजराती लघुपट मराठी माणसं. बडोद्यात दोघांनाही दोन्ही भाषा कळतात असा समज आहे आणि तो बाजारात खराही असतो. पण सिनेमात पात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागलं की समज संपतो. त्यामुळे उपशीर्षकांशिवाय प्रवेशिका नाही, हा नियम ताईनं पहिल्याच वर्षी घातला आणि त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं ऐकून घेतली.

संगीत हा दुसरा काटा. हौशी दिग्दर्शक आपल्या आजीच्या मृत्यूवर गाजलेल्या हिंदी गाण्याची धून बिनदिक्कत टाकतो. हॉलमध्ये कुणी विचारत नाही. इंटरनेटवर तो लघुपट चढवला की संगीताची मालकी ओळखणारी यंत्रणा जागी होते आणि आजीच्या मृत्यूच्या नेमक्या प्रसंगी आवाज बंद. ताई आता अर्जातच विचारते: संगीत कुणाचं, परवानगी आहे का. या एका प्रश्नानं पुष्कळ लघुपट आपोआप शांत झाले आणि बरेचसे सुधारलेही.

पहिली चाळणी तीच लावते, तिच्या जोडीला एक कॉलेजातला मुलगा आणि एक निवृत्त शिक्षिका. तिघांनीही प्रत्येक लघुपट शेवटपर्यंत बघायचा, पुढं ढकलायचा नाही, हे ठरलेलं. हे व्रत सोपं नाही. गजराचं घड्याळ वाजतं आणि एक हात येऊन ते बंद करतो: अशी सुरुवात करणारे लघुपट बाजूला काढले तर स्पर्धा निम्मी होईल. मग दात घासणं, आरसा, चहा. सूरसागर तलावातल्या महादेवाच्या उंच मूर्तीभोवती ड्रोन घिरट्या घालतो, मग गोष्ट एका बंद खोलीत घडते आणि ड्रोन का उडाला होता ते कळत नाही. वृद्धाश्रमाच्या पायऱ्या, शेतकऱ्याचा दोर, भीक मागणारं पोर आणि त्याला पाव देणारा नायक. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सुविचार. २०२० मध्ये यांत भर पडली ती खिडकीशी बसलेल्या माणसाची. सगळ्या देशाला खिडकी एकाच वेळी सापडली होती.

ताईचा राग विषयांवर नाही. नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’मध्येही शाळेत जाऊ न शकणारा मुलगाच आहे. त्यांच्याच ‘पावसाचा निबंध’मध्ये घर गळतं आहे आणि मुलाला शाळेतून पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे. एका ओळीत सांगितलं तर दोन्ही गोष्टी कुठल्याही स्पर्धेत शोभतील अशा. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते पाऊस, चिखल, अंगावरचे कपडे आणि घरातली कामं इतकी नेमकी दिसली म्हणून. उमेश कुलकर्णींनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना केलेली ‘गिरणी’ घ्या. घरात पिठाची गिरणी येते, आई मेहनतीनं ती चालवते आणि मुलाचं खेळणं-बागडणं त्या घरघरीत सापडतं. तिथं कुणी वाईट नाही, आईही नाही. हौशी लघुपटात मात्र कुणीतरी वाईट लागतंच, आणि तो बहुधा सून नाहीतर सावकार असतो. ही तीन नावं ताई दरवर्षी स्पर्धेच्या जाहिरातीत छापते आणि आधी हे बघा म्हणते. किती जण बघतात कोण जाणे. प्रवेशिकांवरून तरी फार कुणी बघत नसावं.

बडोद्यात लघुपटाचा कार्यक्रम करायला खरं तर निमित्त शोधावं लागत नाही. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून भावाबरोबर इथं आले आणि कलाभवनात शिकले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली १८९० मध्ये उभी राहिलेली ही संस्था सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीतली. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणं हे सगळं फाळक्यांनी इथं हाताखालून घातलं. पुढं गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, प्लेगात पत्नी आणि मूल गेलं, ते परत बडोद्याला आले. इथं पुन्हा स्टुडिओ चालवायचा प्रयत्न केला तर गिऱ्हाईक फिरकेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्यानं आयुष्य कमी होतं अशी बोलवा शहरात पसरली होती. फाळक्यांच्या चरित्रात ही हकिगत येते. ज्या शहरानं फाळक्यांपुढं बसायला नकार दिला, तिथं आज प्रत्येक ओट्यावर एक जण मोबाइल आडवा धरून दुसऱ्याला ‘जरा डावीकडं सरक’ म्हणतो, याची ताईला फार मजा वाटते.

फाळक्यांचं पहिलं चित्रपटकाम म्हणजे तरी काय, लघुपटच. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांना विश्वास वाटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वर येईपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ बघून कर्ज मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं होतं, तेही काही मिनिटांचंच. मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवात लघुपटानं झाली आणि लांबी नंतर आली. ताई हे प्रास्ताविकात दरवर्षी सांगते. सभासद आता तिच्या आधी म्हणून टाकतात.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मांडवीच्या परिसरातली सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि तीन वर्षांत त्यानं संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवणारी फिरती ग्रंथालयं निघाली. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषा एकत्र नांदत. पण वाचता न येणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा काढली गेली. सिनेमाचं यंत्र, मॅजिक लँटर्न, काचेच्या चित्रपट्ट्या, त्रिमितीय चित्रं दाखवणारी उपकरणं घेऊन खात्याची माणसं गावात जात आणि फुकट खेळ करत. शेती, आरोग्य, दूरदेशीची दृश्यं. ही हकिगत पुढं ग्रंथालय खात्याचे प्रमुख झालेल्या न्यूटन मोहन दत्त यांच्या १९२८ च्या ‘बरोडा अँड इट्स लायब्ररीज’ या पुस्तकात मिळते.

‘राजा हरिश्चंद्र’ अजून लागायचा होता आणि बडोदे संस्थानात सरकारी खर्चानं सिनेमा गावात नेण्याची व्यवस्था आकार घेत होती. ताईला यातलं यंत्र तितकं महत्त्वाचं वाटत नाही. तिचं लक्ष जातं ते यंत्राशेजारी उभ्या असणाऱ्या माणसाकडे. लँटर्नच्या चित्राला आवाज नसतो, मूकपटालाही नसतो. म्हणजे कुणीतरी बोललं असणार, कुणीतरी विचारलं असणार, ‘हे काय आहे’. तिच्या मते सोसायटीचं काम तेच आहे. सिनेमा दाखवायला आता कुणाचीही गरज उरलेली नाही, ते काम फोन करतो. दाखवून झाल्यावर बोलायला माणूस लागतो. टाळेबंदीत हे लख्ख कळलं, कारण दाखवण्याची बाजू तिथं फारच लंगडी होती.

ती बाजू अशी. पहिल्या खेळाला चित्र झूमवरच चालवलं. लॅपटॉपवरचा पडदा वाटून द्यायचा आणि ‘आवाजही द्या’ ही खूण करायची. ती केली नाही तर सगळ्यांना मूकपट दिसतो. खूण केली तरी चित्र अडखळत चालतं. कॅमेरा आडवा फिरला की भिंतींचे तुकडे होतात, पावसाचे थेंब तर गायबच. अंधारातली दृश्यं काळी चौकट होऊन बसतात. दोन-तीन खेळांत ताईला पटलं की इथं चित्र चालवणं हा दिग्दर्शकावर अन्याय आहे. मग पद्धत बदलली. सभासदांना दोन दिवस आधी पासवर्ड लावलेली लिंक जायची, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बघायचं आणि रविवारी रात्री ९ वाजता बोलायला जमायचं. ४० मिनिटं पूर्ण बोलण्याला. सिनेमाचा अंधार गेला, सगळ्यांनी एकाच क्षणी हसणं गेलं. ते नुकसान भरून निघालं नाही आणि भरून निघेल असं ताई म्हणतही नाही. विनोदी लघुपटांची तर पार रया गेली. एकट्यानं बघताना लोक हसतच नाहीत, नंतर ‘छान विनोद होता’ असं गंभीरपणे सांगतात.

लिंकनं आणखी एक गोष्ट उघडी पाडली. कुणी किती बघितलं ते चिटणिसाला दिसतं. हॉलमध्ये माणूस डुलकी काढतो, मोबाइल बघतो, तरी तो आलेला असतो. इथं आलेख येतो आणि तिसऱ्या मिनिटाला रेघ खाली कोसळते. कार्यकारिणीतल्या एकाला हे आकडे परीक्षकांना द्यावेसे वाटले. ताईनं साफ नकार दिला. तिसऱ्या मिनिटाला दुधवाला आला असेल, कुकरची शिट्टी झाली असेल. ही रेघ दिग्दर्शकाला दाखवली तर तो पुढचा लघुपट त्या रेघेसाठी करेल. या एका बाबतीत ताईचा आवाज चढला होता असं लोक सांगतात.

मिळालं ते भलत्याच ठिकाणी. बडोद्यातून बाहेर गेलेली मराठी कुटुंबं थोडीथोडकी नाहीत. पुण्याला, मुंबईला, न्यू जर्सीला, टोरांटोला. बडोद्यात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात, म्हणजे रविवारचा नाष्टा आटोपून निवांत बसायची वेळ. कुणीतरी आपल्या बहिणीला लिंक दिली, बहिणीनं नणंदेला. सभासदांपुरत्या खेळांसाठी फिल्म सोसायट्यांना सेन्सॉरच्या दाखल्यातून सवलत मिळत आलेली आहे. पण नणंद सभासद कशी? मग नाममात्र वर्गणी घेऊन दूरचे सभासद अशी नवी वही उघडली. हिशेबनीस चिटणीस असण्याचा हा फायदा. आणि वजन विचारणारे काका? त्यांच्या नातवानं टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला आणि काका चर्चेला सगळ्यांच्या आधी हजर राहू लागले. कॅमेऱ्यात बहुतेक वेळा त्यांचं कपाळच दिसायचं.

या चर्चांना शिस्त लागायला वेळ गेला. सुरुवातीला जो तो गुण द्यायचा. ‘मस्त’, ‘संथ आहे’, ‘मेसेज चांगला’. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर एकेक चित्रपट तुकड्यातुकड्यानं उलगडून शिकवत, ‘पाथेर पांचाली’ तर विशेषच. सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका त्यांच्या रसास्वाद शिबिराला जाऊन आलेल्या. त्यांनी सुचवलं की पहिली दहा मिनिटं मत द्यायचंच नाही. काय दिसलं आणि काय ऐकू आलं एवढंच सांगायचं. लोकांना हे बालिश वाटलं. पण मत न देता बोलायचं म्हटल्यावर कितीतरी वाचाळ सभासद गप्प झाले, आणि कधी न बोलणारे बोलू लागले, हे ताईनं पाहिलं.

दुसऱ्या वर्षीची एक प्रवेशिका तिला अजून सांगावीशी वाटते. घडियाळी पोळीच्या परिसरात अंबामातेचं देऊळ आहे. तिथल्या नवरात्रात गरबा पुरुष करतात आणि बायका बसून बघतात, ही जुनी रीत. गुजरातच्या बाकीच्या झगमगाटापेक्षा ती इतकी वेगळी आहे की दरवर्षी कॅमेरे येतातच आणि स्पर्धेत त्यावरचा माहितीपट असतोच, त्याच कोनातून, त्याच निवेदनासह. २०२० च्या नवरात्रात सरकारनं गरब्याला परवानगी दिली नव्हती. फक्त आरती. कॉलेजात शिकणाऱ्या दुसऱ्याच एका मुलानं त्या रिकाम्या गल्लीत फोन लावला आणि समोरच्या ओट्यावर रोजच्या जागी येऊन बसलेल्या एका आजींना टिपलं. आजी बसतात, पदर नीट करतात, समोर काही नसतं, तरी थोडा वेळ बघतात आणि उठून जातात. बस. निवेदन नाही, संगीत नाही. मुलाकडे संगीताची परवानगी नव्हती म्हणून त्यानं ते टाकलंच नाही, असं त्यानं नंतर प्रांजळपणे सांगितलं.

परीक्षकांना तो लघुपट अपुरा वाटला. ‘हे चित्रण आहे, गोष्ट कुठं आहे’ असं एकानं लिहिलं, आणि त्याला क्रमांक मिळाला नाही. ताईचं मत वेगळं होतं, पण चिटणिसाला मत नसतं. रविवारी मात्र चर्चा त्यावरच अडकली. काय दिसलं ते सांगायच्या वेळी न्यू जर्सीच्या एक बाई म्हणाल्या की मागं एक शटर ओढल्याचा आवाज येतो, तो त्यांना ओळखीचा वाटला. पोळीतल्या एकानं सांगितलं, हो, तो अमुक दुकानाचा, आता दुकान त्यांच्या मुलाकडे आहे. काकांनी विचारलं की आजींच्या हातात रुमाल होता का पिशवी. रुमाल म्हणणारे आणि पिशवी म्हणणारे असे दोन तट पडले. पिशवी असेल तर त्या प्रसाद न्यायला आल्या होत्या आणि मग अख्खा लघुपट वेगळा होतो. एक गुजराती बेन म्हणाल्या, आम्ही बघायला बसतो त्या बघण्याचाच हा सिनेमा आहे, पुरुष असते तर कॅमेरा त्यांच्याकडे फिरला असता. मुलगा ऐकत होता. त्यानं स्वतः हा विचार केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून लहानशा चौकटीतही कळत होतं. ४० मिनिटं संपली, बैठक तुटली आणि सगळे त्याच लिंकवर परत आले.

बक्षिसांचा वाद तिथूनच सुरू झाला. शिक्षिका म्हणतात, क्रमांक बंद करा, निवडक लघुपट दाखवा आणि बोला. चाळणी लावणारा कॉलेजातला मुलगा म्हणतो, क्रमांक नसेल तर प्रवेशिकाच येणार नाहीत. त्याच्या मित्रांना चषकाचा फोटो लावायचा असतो आणि त्यात गैर काही नाही. ताईचा कल मुलाकडे आहे. स्पर्धा हे आमिष आहे हे तिला मान्य आहे, पण आमिषाशिवाय लोक आपलं अर्धंकच्चं काम परक्यांना दाखवायला धजत नाहीत. तडजोड म्हणून क्रमांक तसेच राहिले आणि एक नवीन गोष्ट आली: नाकारलेल्या प्रत्येक लघुपटाला एक पानभर पत्र. त्यात चांगलं-वाईट नाही, चाळणी लावणाऱ्या तिघांना काय दिसलं एवढंच. हे काम जीवघेणं आहे. घड्याळ बंद करणाऱ्या हाताबद्दल दरवर्षी नवीन काय लिहायचं? तरी ती लिहिते, आणि उत्तरं येतात. काही रागाची असतात. एकानं लिहिलं की तुम्हाला सिनेमा कळत नाही, आणि पुढच्या वर्षी दुप्पट चांगला लघुपट पाठवला, त्यात पहिल्याच दृश्यात गजराचं घड्याळ होतं, बंद पडलेलं.

हॉल पुन्हा उघडल्यावर खेळ पुन्हा प्रत्यक्ष होऊ लागले. विनोदी लघुपटांना हसू परत मिळालं, पावसाला थेंब परत मिळाले. दूरच्या सभासदांची वही मात्र बंद झाली नाही. मुंबईचा सरकारी माहितीपट-लघुपट महोत्सवही २०२२ मध्ये दोन्ही तऱ्हांनी भरला, तेव्हा कार्यकारिणीला धीर आला की आपण काही विचित्र करत नाही. आता शनिवारी हॉलमध्ये खेळ होतो आणि रविवारी रात्री ९ वाजता झूमवर चर्चा. हॉलमध्ये येणारे रविवारी परत येतातच असं नाही आणि न्यू जर्सीच्या बाईंची तक्रार आहे की हॉलवाले ‘काल तो सीन बघितला ना’ म्हणत आपापसातच बोलतात. ती तक्रार रास्त आहे. सोसायटीनं पैसे भरून झूमचं मोठं खातं घ्यावं असा ठराव दोनदा आला. दोन्ही वेळा ताईनं तो बाजूला ठेवला. वेळेला कुंपण असलं की काका मुद्द्यावर येतात, असं तिचं कारण. पुढच्या स्पर्धेच्या अर्जात तिनं एक रकाना वाढवला आहे: तुमच्या लघुपटात संवाद आणि संगीत सोडून ऐकू येणारे आवाज कोणते, ते लिहा. कॉलेजातल्या मुलाचं म्हणणं, हा रकाना बघून अर्ध्या प्रवेशिका गळतील. ताईनं तो ठळक टायपात छापायला दिला आहे.